पायडलाचा नमस्कार

रत्नागिरीबाहेर मिरजोळ्याच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, त्या सोमवारी सात मोटारी ओळीने उभ्या होत्या आणि सातही मोटारींच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. माणसे मोजायला लागलो, ती चारशेच्या पुढे सोडून दिली. शहरातले मोटारवाले, आंब्याचे बागवाले, कडेवर पोरे घेतलेल्या बायका, सगळी सकाळपासून उन्हात तिष्ठत होती. एकोणीसशे चौतीस सालचा डिसेंबर होता. सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडले होते आणि त्यावर उदबत्त्यांचा धूर पसरला होता.

मध्यभागी सारथीबुवा बसले होते. पेट्रोलचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर मृगाजिन पसरले होते, हेच त्यांचे आसन. भगवी कफनी, कपाळभर गंध, आणि पायात रबरी तळाचे नवेकोरे बूट.

"अर्जुनाच्या रथाला पेट्रोल लागत होतं काय रे?" बुवांनी विचारले.

"नाही महाराज!" लोक ओरडले.

"मग अठरा दिवस तो रथ चालला कशावर?"

"घोड्यांवर!"

हे माझ्या खांद्यावरून आले. माझी भाची बकुळा सहा वर्षांची होती आणि प्रश्न विचारला की उत्तर द्यायचे असते एवढेच तिला ठाऊक होते. पुढचे लोक हसले. बुवा हसले नाहीत.

"आणि घोडे कशावर चालले? सारथ्याच्या कृपेवर! पेट्रोल विलायतेचं, पण गती देवाची. एका डब्यात दीड डब्याची वाट चालवीन, नाहीतर ही कफनी उतरवीन!"

झांजा वाजल्या. बायकांनी हात जोडले. माझ्या शेजारी उभे असलेले माझे भावोजी हरिश्चंद्र यांनी तर डोळे मिटले.

त्यांना तसे करायला कारण होते. त्यांची एकच गाडी, सहा सिलिंडरची, दहा वर्षांची जुनी अमेरिकन मोटार, रत्नागिरी ते कोल्हापूर उतारू नेत असे. इंजिन दणकट होते, पण पेट्रोल असे पीत असे की गाडी भरून गेली तरी भावोजींचा चेहरा रिकामाच. त्याच वाटेवर आता लहान, नव्या, कमी पिणाऱ्या गाड्या आल्या होत्या. "आणखी सहा महिने असंच चाललं तर गाडी विकून मी मुंबईला गिरणीत," असे ते म्हणत आणि माझी ताई सत्यवती मान खाली घालून चूल फुंकत राही.

मी त्याच वर्षी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि नोकरी लागेपर्यंत ताईकडे राहत होतो. एका डब्यात दीड डब्याची वाट म्हणजे जास्तीची शक्ती कुठून तरी यायला हवी. ती कुठून येणार, हे पाहायला मी आलो होतो.

पाहू मात्र कोणीच देत नव्हते. आमच्या गाडीची पाळी आली तसे तिच्या चारी बाजूंना जमिनीपर्यंत पोचणारे भगवे पडदे लागले. बुवांचा चेला रावजी, हा एक काटकुळा, खाली मान घालून वावरणारा माणूस, पूजेचे ताट घेऊन पडद्याआड गेला. याला म्हणत अंतरपूजा. ती चालू असताना ढोल आणि झांजा इतक्या जोराने वाजत की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. मी घड्याळात वेळ पाहून ठेवली. चौतीस मिनिटे. रावजी बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. त्याने हळदीच्या पाण्यात हात धुतले आणि ते पिवळे पाणी काळे झाले.

"पापं धुतली गाडीची," बुवा म्हणाले.

मग बॉनेटच्या मुठीपासून खाली चौकटीत बसवलेल्या कडीपर्यंत लाल दोरा बांधला गेला. गाठीवर लाख ओतून बुवांनी आपल्या अंगठीतल्या रथाच्या चाकाचा ठसा उमटवला आणि भावोजींना समोर बसवून खुणा सांगितल्या.

"नीट ऐक. देव गाडीत उतरल्याच्या तीन खुणा. पहिली, ब्रेकचं पायडल नमेल. पूर्वी अर्ध्यावर थांबत होतं, आता जमिनीला टेकेल. तो त्याचा नमस्कार. दुसरी, चढावर इंजिनातून फट्‌ असा हुंकार येईल. घाबरायचं नाही. तिसरी, उतारावर गाडी आपोआप पळेल. तिथं इंजिन बंद करायचं. देव हाकत असताना इंजिन चालू ठेवणं हा त्याचा अपमान."

"आणि दोरा महाराज?"

"चाळीस दिवस. मधेच जो तोडील त्याच्या घरातलं सगळ्यांत धाकटं माणूस चाळीस दिवस पुरं करणार नाही. आणि गाडीच्या खाली जो डोकावेल त्याचे डोळे जातील." त्यांनी आवाज खाली आणला. "महिपतनं काय केलं, ठाऊक आहे ना?"

महिपत हा भावोजींच्या बरोबरीचा गाडीवाला. तीन आठवड्यांपूर्वी आंबा घाट उतरताना त्याची गाडी दरीत गेली होती. गाडीत तो एकटा होता.

"दोरा तोडला त्यानं," बुवा म्हणाले. "मी इथं बसून पाहिलं."

भावोजींनी वळून माझ्या खांद्यावरच्या बकुळेकडे पाहिले. आमच्या घरातले सगळ्यांत धाकटे माणूस तीच.

दुसऱ्या दिवशी मी मापे घ्यायला बसलो. टाकी कोरडी करून तीत दोन गॅलनचा एक मोहोरबंद डबा ओतायचा आणि गाडी बंद पडेपर्यंत मैलाचे दगड मोजायचे, इतकी साधी रीत. पूजेच्या आधीच्या आठवड्यात मी हे दोनदा केले होते. दोन्ही वेळा बावीस मैल भरले होते, म्हणजे गॅलनला अकरा. आता त्याच रस्त्यावर, तेवढेच ओझे घालून, बुवांच्या सांगण्याप्रमाणे उतारावर इंजिन बंद ठेवून, गाडी एकतीस मैल चालली.

मी पुन्हा मोजले. पुन्हा एकतीस.

खोटे ठरवायला गेलो होतो आणि आकडा खरा निघाला. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. उतारावर वाचलेले पेट्रोल धरूनही हिशेब जमेना. आकडा खरा असेल तर एकतर मी शिकलो ते चुकीचे होते, नाहीतर गाडीतून दुसरे काहीतरी कमी झाले होते आणि ते काय, हे मला दिसत नव्हते.

"काय पदवीधर?" भावोजी ताटावरून म्हणाले. "तुमच्या पुस्तकात बसतंय का?"

"बसत नाही," मी म्हणालो.

"मग पुस्तक बदला!"

ताई कितीतरी दिवसांनी हसली. तिचे हसणे मोडण्याची माझी हिंमत झाली नाही.

बुधवारी पालीला दोन उतारू सोडायचे होते. मी पुढे बसलो आणि बकुळा माझ्या मांडीवर. जाताना खुणा एकामागून एक पटल्या. चढावर इंजिनातून फट्‌ असा आवाज आला आणि भावोजींनी स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावला. त्यांनी ब्रेक दाबला की पायडल पार फळीला टेके; चढावर गाडी आपल्याच ओझ्याने थांबे, म्हणून काही जाणवले नाही. "नमस्कार!" बकुळा प्रत्येक वेळी ओरडे.

हातखंब्याच्या पुढे उतार लागला. भावोजींनी गिअर सोडवला आणि इंजिन बंद केले. एकाएकी सगळे शांत झाले. फक्त टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज आणि कानांवरून जाणारा वारा.

"बघ विश्राम, देव हाकतोय," भावोजी हळूच म्हणाले.

वेग वाढत गेला. पहिले वळण आम्ही घेतले. दुसरे वळण घेतले तर समोर रस्ताभर म्हशी. दहा-बारा म्हशी आणि मागे काठी खांद्यावर टाकून चाललेला एक म्हातारा.

भावोजींनी ब्रेक दाबला. पायडल फळीला टेकले. गाडीला त्याची खबरच नव्हती.

त्यांनी पुन्हा दाबला आणि दोन्ही पाय लावले. मग हातब्रेक खेचला. तो जुना, उभ्या गाडीपुरता. तो किंचाळला आणि मागून ब्रेकच्या पट्ट्यांचा, जळक्या कातड्यासारखा वास आला, पण वेग थोडासाच उतरला. त्यांनी गिअर घालायला पाहिला. चाके इतकी जोरात फिरत होती की नुसते गिअरचे दाते खडखडले. मागचे उतारू देवाचे नाव घेत होते. मी बकुळेचे डोके छातीशी दाबले आणि मला तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास आला, हे मला अजून आठवते. म्हातारा वळला. त्याचे तोंड उघडे होते.

भावोजींनी गाडी डावीकडे चिऱ्यांच्या गडग्यावर, रस्त्याकडेच्या बुटक्या दगडी कुंपणावर घातली. पत्रा घासत, ठिणग्या उडवत गाडी तीस-चाळीस हात गेली आणि थांबली. पहिल्या म्हशीपासून चार हातांवर.

मग बकुळा म्हणाली, "मामा, नमस्कार केला तरी थांबली नाय."

माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळे जागेवर बसले. देव पायडलात उतरला नव्हता. पायडलाच्या पलीकडे काहीच उरले नव्हते.

"देवानं वाचवलं," भावोजी म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"भावोजी, ब्रेक सैल आहेत. कोणीतरी सैल केलेत. बॉनेट उघडू, खाली बघू."

"हात लावशील तर याद राख!" ते माझ्या अंगावर ओरडले. कधी ओरडत नसत. "बकुळा आहे घरात माझ्या. ऐकलंस ना?"

शुक्रवारी सकाळी त्यांना नऊ उतारू घेऊन कोल्हापूरला निघायचे होते. ताई आणि बकुळाही जाणार होत्या, ताईच्या नणंदेकडे. जाताना सगळा चढ. येताना आंबा घाटाचा उतार, इंजिन बंद करून.

एकीकडे ते मानत होते की दोरा तुटला तर बकुळा जाईल. दुसरीकडे मला दिसत होते की दोरा राहिला तर बकुळा जाईल, आणि तिच्याबरोबर सगळेच. मी ताईला सांगितले. तिने पोरीला जवळ ओढले आणि विचारले, "तुझी खात्री आहे? शंभर टक्के?"

शंभर टक्के हा शब्द मी कधी वापरत नाही. तेव्हाही वापरला नाही. शास्त्र शिकल्याचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला.

गुरुवारी सकाळी मी महिपतच्या घरी गेलो. त्याची बायको तुळसा अंगणात सरपण फोडत होती. दोरा का तोडला हे विचारण्यापलीकडे तीन आठवड्यांत तिच्या दारात कोणी फिरकले नव्हते. महिपतने दोरा तोडला होता, तोही तुळसा विटाळाच्या दिवसांत गाडीला शिवली म्हणून, अशी बोलवा होती. विहिरीवर बायका तिच्यासाठी थांबत नसत.

"तुम्हीपण विचारायला आलात?" ती म्हणाली. "नाय तोडला हो त्यांनी. सांगून सांगून माझी जीभ झिजली. अहो, दोऱ्याला माशी बसली तरी ते हाकलीत. घाटात जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, पायडल लय खोल जातंय गो. मीच म्हटलं, देव नमतोय, चांगलाय." तिने कोयती खाली ठेवली. "मीच म्हटलं."

"वहिनी, गाडीचं काय काय वर आणलं?"

"काय आणणार? एक चाक, गादी आणि तो पत्रा." तिने सरपणाच्या ढिगाकडे बोट दाखवले. "दवानं लाकडं भिजतात म्हणून घातलाय वर."

तो बॉनेटचा पत्रा होता. मी उचलून उलटा केला. खालची कडी चौकटीतून उपटून पत्र्याबरोबरच आली होती. कडीपासून मुठीपर्यंत लाल दोरा ताणून बांधलेला होता. मातीने काळा पडलेला, पण सबंध. गाठीवर लाख होती आणि लाखेवर रथाच्या चाकाचा ठसा, एकही तडा नसलेला.

मी तो तुळसेला दाखवला. तीन आठवडे पत्रा तिच्या लाकडांवर पालथा पडला होता आणि तिने एकदाही उलटा केला नव्हता. मग तिने पदर कमरेला खोचला.

"हा मी नेते," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

गुरुवार हा बुवांच्या पूजेचा दुसरा वार. गाडी गडग्याला घासली म्हणून दोऱ्यावर पुन्हा फुंकर मारून घ्यायला भावोजी ताई-बकुळेला घेऊन आधीच सड्यावर गेले होते. दोन-अडीचशे लोक होते. मी गर्दीतून पुढे गेलो. लोक बुवांवर रागावत नाहीत, बुवांना प्रश्न विचारणाऱ्यावर रागावतात, हे मला माहीत होते.

"महाराज, एक शंका. महिपतचा दोरा तुटला होता, हे नक्की?"

"नक्की! दिव्यदृष्टीनं पाहिला. तीन तुकडे!"

"तीन?"

"तीन!"

माझ्या मागून लोक बाजूला सरले. तुळसा डोक्यावर तो पत्रा घेऊन आली होती. मिरजोळ्यापर्यंतची दोन मैलांची वाट ती तशीच चालली होती. तिने तो बुवांच्या पुढ्यात टाकला. खणखण आवाज झाला आणि झांजा थांबल्या.

"मोजा," ती म्हणाली. "किती तुकडे?"

पुढचे लोक वाकले. मागचे "काय हाय? काय हाय?" करू लागले. आप्पा नावाचे एक वृद्ध बागवाले चष्मा पुसून जवळ गेले, बोट फिरवले आणि म्हणाले, "सबंध आहे की रे."

"हिनं मागनं बांधला!" बुवा ओरडले.

"आणि तुमच्या अंगठीचा ठसा?" मी विचारले. "तोही हिनंच मारला?"

बुवांनी मूठ आवळली. अंगठी झाकायलाच आवळली असावी, पण आता सगळे तिच्याकडेच पाहत होते. मग ते उठले आणि थेट भावोजींकडे वळले. "हरिश्चंद्रा, या पोराला आवर. तुझ्या घरातलं धाकटं माणूस—"

"दोऱ्याला मी हात लावत नाही," मी म्हणालो. "खाली बघतो. खाली बघणाऱ्याचे डोळे जातात ना? मग माझेच जातील. बकुळेचा संबंध नाही."

भावोजींनी मला अडवले नाही, हो असेही म्हटले नाही. मी आमच्या गाडीखाली पाठीवर सरपटत शिरलो.

खाली अंधार होता, तेलाचा आणि जळक्या कातड्याचा वास होता. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची सळई मी हाताने चाचपली. तिने ताठ असायला हवे. ती माझ्या बोटांत हलली. टोकाचा नट शोधायला मी मान वळवली आणि त्याच क्षणी उजव्या डोळ्यात आग शिरली.

मला काही दिसेना. डोळा उघडेना. गर्दीतून कोणीतरी किंचाळले, "गेला! डोळा गेला!" आणि मला कबूल केले पाहिजे की तेवढा वेळ मी बी.एस्सी. नव्हतो. तेवढा वेळ मी नुसता एक घाबरलेला मुलगा होतो आणि मनातल्या मनात बुवांची क्षमा मागत होतो. मग गालावर हात फिरवला. बोटांना खरखरीत कण लागले. गंज होता. जुन्या गाडीखाली उताणे पडून सळई हलवली तर डोळ्यांत गंजच पडणार. शापाला तेवढे पुरते. बाकीचे काम आपली भीती करते.

"नट आठ-दहा आटे मागं घेतलाय," मी खालून ओरडलो. "आट्यांवर ताज्या खुणा आहेत. पाना हवाय. रावजी, पाना द्या!"

हे मी का म्हणालो मला ठाऊक नाही. हळदीचे ते काळे पाणी मनात असावे. पण कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला गाडीखालून कोणी पाना मागितला की त्याचा हात आपोआप कमरेकडे जातो. रावजीचा गेला. भगव्या उपरण्याखालून, फडक्यात गुंडाळलेला पाना निघाला आणि तो त्याने वाकून माझ्या हातात दिलासुद्धा.

मग त्याला कळले, त्याने काय केले ते.

"अरे," आप्पा सावकाश म्हणाले, "पूजेला पाना कधीपासून लागतो?"

रावजी मटकन खाली बसला. "मी सांगितलं होतं यांना," तो म्हणाला. "घाटवाल्या गाड्या नको म्हणून. आमच्याकडे सपाट मुलूख. तिथं ब्रेक सैल केले तरी कोण मरत नाही. इथं महिपत गेला तेव्हाच मी म्हटलं, पळू या. हे म्हणाले, दोरा तुटला म्हणून सांगू."

बुवा रबरी बुटांनी चुपचाप पायवाटेकडे निघाले होते. ते घाईघाईने गेले, मृगाजिन तिथेच टाकून. त्यांच्यामागे कोणी धावले नाही. ज्याला त्याला आधी आपल्या गाडीच्या खाली बघायचे होते.

रावजीने मग सगळ्यांसमोर सांगितले आणि मी ते इथे सरळ लिहितो. जुन्या गाडीचे ब्रेक थोडे घासत राहतात, त्यात पेट्रोल वाया जाते. नट किंचित मागे घेतला तर चाक मोकळे होते, हा खरा आणि चांगला उपाय. रावजी तो दहापट करी. चाक अगदी मोकळे होई आणि ब्रेकही जाई. दुसरे, बॉनेटखाली कार्ब्युरेटरचा एक स्क्रू फिरवून तो इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त देई. त्याने चढावर इंजिन फटफटते आणि पुढे आतल्या झडपा जळतात. तोच देवाचा हुंकार. तिसरे, उतारावर इंजिन बंद. कोकणच्या रस्त्यात निम्मा उतार, मग निम्म्या वाटेला पेट्रोल कशाला लागेल? आकडा खरा होता. बुवांनी फक्त गाडीच्या बिघाडाची एकेक खूण आधीच सांगून तिला कृपा म्हटले होते, म्हणजे ती दिसली की आपण घाबरावे तिथे हात जोडावेत.

"आता दोरा," मी म्हणालो. "स्क्रू परत फिरवायला बॉनेट उघडावं लागेल."

सगळे कळले होते, तरी दोऱ्याला हात लावायला कोणी धजेना. भावोजी पुढे आले. त्यांनी ताईकडे पाहिले, बकुळेकडे पाहिले. ताईने पोरीचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. भावोजींनी दोऱ्यात बोट घातले. कपाळावरून घाम ओघळत होता. मग एक हिसडा.

टक्‌.

आणि बकुळा शिंकली.

अडीचशे माणसांचा श्वास एकदम अडकला. भावोजींचा चेहरा मी विसरणार नाही. बकुळेने नाक पुसले, धुराकडे रागाने पाहिले आणि म्हणाली, "मामा, तुझा डोळा लाल झालाय. शाप एवढाच असतो काय?"

आधी तुळसा हसली. मग सगळेच.

त्या दिवशी उन्हे कलेपर्यंत रावजीने सड्यावरच्या दोरा बांधलेल्या सगळ्या गाड्यांच्या सळया आवळल्या. मी शेजारी बसून आटे मोजले. शुक्रवारची फेरी भावोजींनी शनिवारवर टाकली. तेवढ्या वेळात आम्ही आमची गाडी नीट लावली: ब्रेक घासणार नाहीत पण धरतील इतके, स्क्रू मधोमध, प्लग साफ, टायरमध्ये पुरेशी हवा. मग डबा ओतून मोजले. सव्वीस मैल. गॅलनला तेरा. अकराच्या जागी तेरा हा चमत्कार नव्हे, पण टिकणारा आकडा आहे. गाडी विकावी लागणार नाही, इतका तो पुरेसा आहे, असे भावोजी म्हणाले. बुवांच्या एकतीस मैलांतले उरलेले पाच मैल आपण आपल्या मानेच्या बदल्यात घेत होतो.

वाचकांना माझे मागणे एवढेच. कोणी तुम्हांला चमत्कार दाखवला तर तो खोटाच आहे म्हणून ओरडू नका. कदाचित आकडा खरा असेल. मोजा. आणि मग विचारा, हे आले कुठून, आणि त्याबदली काय गेले? पडदा लावून, झांजा वाजवून, शापाची भीती घालून जे केले जाते ते पडद्याआड जाऊन बघा. भीती वाटेल. मला वाटली. बघितल्यावरच ती गेली.

शनिवारी गेलो आणि रविवारी परत येताना आंबा घाट उतरलो. तुळसा आमच्याबरोबर आली होती. भावोजींनीच तिला पुढच्या जागेवर बसवले होते. इंजिन चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, हळू. ज्या वळणावर कठड्याचे दगड नव्याने फुटलेले होते तिथे ती सरळ बसली.

"इथं थांबवा जरा," ती म्हणाली.

भावोजींनी ब्रेक दाबला. पायडल अर्ध्यावर गेले आणि गाडी थांबली.